पाच वॅटचा अ‍ॅम्प

मेहुण्याचा फोन आला तेव्हा फ्यूजकाका अ‍ॅम्प उघडून बसले होते आणि त्यांचा डावा हात खिशात होता. हात खिशात घालून काम करणारा माणूस बघितला की कुणालाही वाटेल, काय हा रुबाब! पण रुबाब कसला डोंबलाचा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तीनशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. दोन्ही हात आत घातले आणि एक हात चुकून चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला टेकला, तर झटका सरळ छातीतून आरपार जातो. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन एक हात खिशात कोंबतात आणि उरलेल्या एका हाताने काम करतात. आता फोनही नेमका त्याच खिशात थरथरायला लागला, तेव्हा काकांची थोडी तारांबळ उडाली.

"रविवारी येईन म्हणतो," मेहुणा म्हणाला.

"ये की! विचारतोस काय?" काका जवळजवळ ओरडलेच. "कधी येतोस? जेवायलाच ये."

"नाही नाही, संध्याकाळी येतो. आणि भावजी, बाजा नाही आणत हं. नुसता बसायला येतो. थोडा वेळ."

"बाजा का नाही?"

"दम लागतो हो हल्ली."

दम लागतो! काकांनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मागे त्याचा गुडघा धरला होता. मग दुकानात मालाची मोजणी निघाली. मग सर्दी, मग पाठ, आणि आता दम. या माणसाचे सगळे अवयव आळीपाळीने रविवारीच बरे बिघडत होते.

मेहुणा म्हणजे काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा आणि "आता कसं दिसतंय?" विचारायचं, हा त्याचा धंदा. एकटा जीव, लग्नाच्या भानगडीत पडला नाही. पण माउथ ऑर्गन असा वाजवायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवून द्यावं. त्याला तो 'बाजा' म्हणायचा. काकांची गिटार आणि त्याचा बाजा, दर रविवारी संध्याकाळी, काकांच्या दोन खोल्यांच्या घरात. ना कुणी बोलावलेलं, ना कुठे कार्यक्रम. दोघे वाजवायचे आणि काकांची बायको आत स्वयंपाक करता करता ऐकायची. पंचवीस वर्षं हे चाललं. मग ती आजारी पडली आणि गेली. त्यानंतरही मेहुणा काही रविवार आला. मग एकाआड एक आला. मग महिन्यातून एकदा. आणि आता तर 'नुसता बसायला' येणार होता, पाहुण्यासारखा.

काकांनी याचा अर्थ लावून टाकला होता. बहीण होती तोवर भाऊ येत होता. बहीण गेली, मधली सुतळी तुटली. मेहुणा-भावजी हे नातं तरी काय, तिच्यामुळे लागलेलं. ती नाही म्हटल्यावर कोण कशाला दोन जिने चढून येईल? काका हे कुणाला बोलले नव्हते, बोलायला घरात होतंच कोण म्हणा. पण शनिवारी ते दाराजवळच्या खुर्चीवरच्या वायरींची भेंडोळी उचलून ठेवायचे, खुर्ची पुसायचे, आणि सोमवारी सकाळी भेंडोळी पुन्हा त्याच खुर्चीवर टाकायचे. मेहुणा नाही म्हणजे काकांकडे कुणीच नाही, असा साधा हिशेब होता.

आणि आता या एका रविवारी सगळं येऊन थांबलं होतं. काकांनी मनाशी पक्कं केलं, अ‍ॅम्पचा आवाज असा जमवायचा की मेहुण्याचा जीव वर-खाली झाला पाहिजे. बाजा आणला नाही म्हणून त्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली पाहिजे. त्याला त्या आवाजाचं वेड होतं, ते काकांना ठाऊक होतं. "भावजी, तुमचा अ‍ॅम्प म्हणजे गाणारा माणूस आहे," असं तो म्हणायचा. तो आवाज परत आला तर तोही परत येईल. नाही आला तर हा रविवार शेवटचा.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. आवाज परत येत नव्हता.

अ‍ॅम्प तसा चिमुकला. पाच वॅटचा, दोन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, भाजीच्या पेटीएवढं लाकडी खोकं. काकांनी तो तरुणपणी स्वतः जोडला होता. पण बायको गेल्यापासून त्याचा आवाज बोथट होत चालला होता. आधी त्यात कशी धार होती, तार छेडली की बोट तारेवरून घसरल्याचंसुद्धा ऐकू यायचं! आता वाटायचं, कुणीतरी खोक्यावर दुलई पांघरली आहे. काका म्हणाले, अ‍ॅम्प म्हातारा झाला. म्हातारं माणूस असतं तसं, थोडी डागडुजी मागतं.

मग त्यांनी डागडुजी आरंभली. पहिल्यांदा आवाजाच्या बटणावर एक इवलासा कपॅसिटर आडवा टाकला, म्हणजे वरचे सूर बटणाला वळसा घालून थेट पुढे जातात. आठवडाभर बरं वाटलं. मग पुन्हा दुलई. मग त्यांनी मधला कपॅसिटर बदलला, मोठा काढला आणि छोटा घातला, म्हणजे खर्ज मागे राहतो आणि वरचे तेवढे पुढे सरकतात. पुन्हा चार दिवस बरे गेले. मग टोनच्या बटणाची वायरच कापून टाकली, कारण ते बटण वरचे सूर खातं. जेवणात मीठ वाढवत जावं आणि जिभेला ते पुरेनासं व्हावं, तसं चाललं होतं. पण काका हटणाऱ्यातले नव्हते. काढलेला एकेक सुटा भाग ते गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकायचे, कारण इलेक्ट्रिशियन माणूस पैसा फेकेल पण चालू कपॅसिटर फेकणार नाही.

बाकी जगही तसं बिघडतच चाललं होतं. टीव्हीवरच्या नट्या तोंडात गोटी धरल्यासारख्या पुटपुटायच्या. फोनवरच्या मुली तर काय बोलतात त्यांचं त्यांनाच ठाऊक. खिडकीसमोरच्या झाडावर पूर्वी सकाळी पक्ष्यांचा काय तो कलकलाट असायचा, तेही कुठे परागंदा झाले होते. ती गेली आणि घरातला सगळा गलबला सोबत घेऊन गेली, असं काकांना वाटायचं. कधी कधी ते चहा करताना मुद्दाम चमचा कपावर आपटायचे, काहीतरी आवाज व्हावा म्हणून.

शुक्रवारी त्यांनी ठरवलं, दोष स्पीकरचा. कागदाचाच तो, इतक्या वर्षांनी सैल पडणारच. बाजारात जाऊन नवा स्पीकर आणला आणि चार स्क्रू पिळून बसवला. गिटार लावली. दुलई जशीच्या तशी! आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. नवा कोरा स्पीकर असा कसा वाजेल? दुकानदाराने फसवलं की काय?

काकांकडे एक जुनं यंत्र होतं. बटण फिरवत गेलं की खर्जापासून पार शिट्टीपर्यंत एकच सलग सूर काढणारं. शनिवारी दुपारी ते काढून त्यांनी अ‍ॅम्पला जोडलं. स्पीकरच्या तारांवर मीटर लावला, म्हणजे वीज पोचते की नाही ते काट्यावरून कळेल. आणि बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

आधी नुसती घरघर. मग हुंकार. मग सूर चढत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि पुढे संपलाच. काकांनी मीटर बघितला. काटा तसाच उभा होता. म्हणजे वीज स्पीकरपर्यंत पोचतेय आणि स्पीकर ढिम्म. "घे!" काका मोठ्याने म्हणाले. "धरला चोर!" त्यांनी कान स्पीकरच्या जाळीला टेकवला. काही नाही. मग उठून कपाटात जुना स्पीकर शोधायला लागले, तोच परत बसवून पुन्हा बघावं म्हणून. यंत्र तसंच चालू होतं. कपाटात इतक्या वस्तू होत्या की एक काढायला गेलं की तीन अंगावर यायच्या. बराच वेळ गेला.

तेवढ्यात दार धडाधडा वाजायला लागलं.

खालच्या मजल्यावरची नर्स होती. रात्रपाळी करून झोपलेली, केस विस्कटलेले, डोळे लाल. आणि दोन्ही हातांचे तळवे कानांवर दाबून धरलेले, म्हणजे दार तिने बहुतेक पायानेच वाजवलं असावं.

"काका, अहो बंद करा ना ते! मेले मी!"

"काय बंद करू?"

"ती शिट्टी!"

"कसली शिट्टी?"

तिने त्यांच्याकडे असं बघितलं की आता यांना काय म्हणावं. मग कानावरचे हात न काढता आत आली आणि हनुवटीने टेबलाकडे दाखवलं. "ही काय! यातून येतेय. अर्धा तास झाला, खाली डोकं फुटायची वेळ आली."

काकांनी यंत्राकडे बघितलं. मीटरचा काटा उभाच होता. त्यांनी बटण बंद केलं. नर्सने हात खाली घेतले आणि "हुश्श" केलं. त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. तिचे हात झटकन वर गेले.

"काका! चेष्टा करताय का गरिबाची?"

काका चेष्टा करत नव्हते. ते तिच्या आणि यंत्राच्या मधे पाठ करून उभे राहिले, म्हणजे त्यांचं बोट तिला दिसणार नाही. आणि अगदी अलगद, टिक्‌ न होऊ देता, बटण बंद केलं. वळून बघितलं तर हात खाली. पुन्हा पाठ केली, चालू केलं, वळून बघितलं. हात वर, आणि चेहऱ्यावर एवढा संताप की काकांनी घाईघाईने प्लगच उपटला.

आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं होतं. एक बाजू बदलायची, दुसरी तशीच ठेवायची, आणि बिघाड कुठे आहे ते शोधायचं. बिघाड सापडला होता. अ‍ॅम्प चांगला होता. स्पीकर चांगला होता, जुनाही आणि नवाही.

नर्सचा राग उतरला. माणसं बघून बघून तिची नजर तयार झालेली. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू नव्हती का येत?"

"येत होती गं. यंत्र तपासत होतो जरा," काका म्हणाले. मग काही वेळाने त्यांनी विचारलं, "समोरच्या झाडावर पक्षी आहेत का अजून?"

"आहेत का म्हणजे? पहाटेपासून उच्छाद मांडलेला असतो मेल्यांनी. मी घरी येऊन पडते आणि यांची शाळा भरते."

"अस्सं."

ती जायला निघाली आणि दारात अडखळली. "काका, रागावू नका, पण एक सांगू? गिटारचंसुद्धा तसंच होतं हो हल्ली. कानात सुई खुपसल्यासारखा आवाज येतो. काकू होत्या तेव्हा किती गोड वाजायचं! मी रविवारी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे. सुरुवातीला तेव्हाही टोचायचं जरा, पण मग काकूंची आरोळी यायची, 'टोचतंय होऽऽ!' आणि लगेच आवाज मऊ. आम्ही खाली हसायचो, म्हणायचो, आला बाई हुकूम."

ती गेली. काका खुर्चीवर बसले ते बसलेच.

बाटल्यांचा कारखाना, जिथे काकांनी उभी नोकरी काढली होती. चोवीस तास काचेवर काच आपटत पट्ट्यावरून पुढे सरकायची. तिथे सगळेच ओरडून बोलायचे, आणि घरी जाऊनही ओरडायचे म्हणून सगळ्यांच्या बायका कावायच्या. मशीन बंद पडलं की काका म्हणायचे, "फ्यूज गेला असेल," त्यावरून पोरांनी नाव पाडलं होतं. कानात बोळे घालायला मिळायचे, पण घालतंय कोण? बोळे घातले तर मशीनची कुरकुर कशी कळणार, असं म्हणून काका ते खिशात ठेवायचे. कान तेव्हाच जायला लागले असणार. एकदम नाही, वरून थोडे थोडे, आणि काकांना पत्ता नाही.

पण बायकोला होता. आतून तिची हाक यायची, "टोचतंय हो!" आणि काका वैतागायचे. "संगीतातलं तुला काय कळतंय? कांदा चिर तू," असं म्हणायचे, आणि घरात शांतता नांदावी म्हणून कुरकुरत टोनचं बटण मागे घ्यायचे. ती गप्प होईपर्यंत घ्यायचे. मग मेहुणा म्हणायचा, "वा भावजी, काय आवाज लावलाय!" आणि काका मिशीतल्या मिशीत हसायचे. पंचवीस वर्षं ती शाबासकी त्यांनी एकट्याने खाल्ली. आवाज त्यांनी लावलेलाच नव्हता. आवाज तिने लावला होता, आत भाजी परतता परतता, आणि वर त्यांची बोलणी खाल्ली होती.

काकांना रडू आलं. बायको गेली तेव्हाही ते इतके रडले नव्हते, कारण तेव्हा माणसं होती आणि कामं होती. आता घरात कुणी नव्हतं. ते तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे रडले.

आणि मग त्यांना मेहुण्याची आठवण झाली. ती दाराजवळची खुर्ची. शेवटचे काही रविवार तो तिथेच बसायचा, अ‍ॅम्पपासून होता होईल तेवढा लांब. मधेच उठून गॅलरीत जायचा, "जरा पाय मोकळे करतो" म्हणून. गुडघा, पाठ, सर्दी! कशाचा गुडघा आणि कशाचा दम. कान फाटत होते बिचाऱ्याचे. आणि काका इकडे नाती तुटल्याचे निष्कर्ष काढत बसले होते, आणि तो पुन्हा यावा म्हणून आवाज आणखी धारदार करत होते.

डोळे पुसून त्यांनी गोळ्यांची डबी काढली. रेझिस्टरच्या टोकांनी मोठ्या कपॅसिटरमधली वीज उतरवली, डावा हात खिशात घातला आणि कामाला लागले. आडवा टाकलेला इवलासा कपॅसिटर काढला. मधला छोटा काढून जुना मोठा बसवला. टोनच्या बटणाची कापलेली वायर सोलून पुन्हा जोडली. प्रत्येक भाग मीटरने मोजला, दोनदा मोजला. कानाला न विचारता केलेलं त्यांचं हे पहिलंच काम.

मग गिटार लावून वाजवून बघितलं. दुलई? अहो, दुलईवर दुलई, वर उशी! सूर कळत होता, पण नुसता ठोकळा, त्याला ना धार ना चमक. हे मेहुण्याला ऐकवायचं? हा चांगला आवाज? त्यांचा हात दोनदा डबीकडे गेला. एक छोटासा तरी कपॅसिटर ठेवू, अगदी छोटा, कुणाला कळतंय! शेवटी त्यांनी डबी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, फडताळाच्या वरच्या फळीवर, खुर्चीवर चढल्याशिवाय हाताला येणार नाही अशी. आपल्याच हातचा अ‍ॅम्प, आणि तो कसा वाजतो ते आपल्यालाच माहीत नाही. जगात ज्यांना ज्यांना कान आहेत त्यांना कळणार, फक्त आपल्याला नाही. इतकं एकटं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

रविवारी मेहुणा आला. वाळला होता थोडा. बिस्किटांचा पुडा आणला होता, पाहुणे आणतात तसा. दाराजवळच्याच खुर्चीवर बसला. चहा झाला, तब्येती झाल्या, दुकान झालं. मग दोघांनाही बोलायला काही उरलं नाही, आणि अ‍ॅम्प मधे बसून दोघांकडे बघत राहिला.

"वाजवू?" काकांनी विचारलं.

"वाजवा की," मेहुणा म्हणाला, आणि त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसा. काकांनी ते बघितलं आणि त्यांना भडभडून आलं.

त्यांनी वाजवायला घेतलं. एक संथ चाल, दोघांची नेहमीची. त्यांच्या स्वतःच्या कानाला काही म्हणजे काही पोचत नव्हतं, नुसते ते ठोकळे. म्हणून ते मेहुण्याकडे बघत राहिले. आधी त्याचा जबडा आवळलेला होता. मग तो सैल झाला. मग खुर्चीचे हात सुटले. मग त्याने मान वर केली, अ‍ॅम्पकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि खुर्ची उचलून चक्क पुढे, अ‍ॅम्पच्या पुढ्यात आणून ठेवली.

"भावजी! काय केलंत? अहो, ताई असताना असाच वाजायचा!"

काकांनी तारांवर हात ठेवला.

"मला नाही ऐकू येत," ते म्हणाले.

"काय?"

"वरचं. धार असते ना सुराची, ती. कारखान्यात गेली. मला कालच कळलं. तुझे कान फाडले ना मी दीड वर्ष?"

 मेहुणा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत बसला, जणू ग्राहक समोर बसलाय.

"आमच्या दुकानात रोज एक तरी माणूस भांडत येतो," तो म्हणाला. "म्हणतो, पेपरवाल्यांनी अक्षरं बारीक केली. त्याला मी तोंडावर सांगतो, आजोबा, नंबर वाढलाय. धंदाच आहे माझा. आणि तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटली नाही. कान सोनाराने टोचावे म्हणतात. तुमचा सोनार ताई होती. ती गेल्यावर तुमच्याकडे एवढा अ‍ॅम्पच राहिला होता, त्यात खोट काढायची कशी? मला वाटलं, नाही गेलो तर निदान तुम्ही सुखाने वाजवाल तरी."

"सुखाने!" काका म्हणाले. "गाढवा, मला वाटलं तू मला टाकलंस."

"मी? तुम्हाला?" मेहुण्याचा आवाज फाटला. "ताईच्या मागे मला तरी कोण आहे हो?"

थोडा वेळ दोघेही नाक ओढत बसले. अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह मागे मिणमिणत होते.

"कानाला यंत्र मिळतं," मेहुणा म्हणाला.

"लावीन. कारखान्यातल्या दोघांनी लावलंय. बोलणं कळतं म्हणतात, पण गाणं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं लागतं."

"मग आत्ता तुम्हाला हे कसं ऐकू येतंय?"

"दुलईखालून."

 मेहुणा उठला आणि कपाटाचा खण उघडून काहीतरी शोधायला लागला. दोन वस्तू त्याच्या पायावर पडल्या.

"काय हवंय तुला?"

"कापूस. कापूस असेल ना घरात? मी घालतो कानात. तुम्ही तो आवाज वाढवा, आधी होता तसा करा. तुम्हाला आवडायचा ना तो? तुम्हाला ऐकू यायचं ना त्यात? मग करा. मी बसतो."

"बस खाली," काका म्हणाले.

"अहो, खरंच. मला काही होत नाही."

"बस म्हणतो ना. तसाच राहू दे तो." काकांनी गिटार पुन्हा मांडीवर नीट घेतली. "दोघांपैकी एकाला तरी नीट ऐकू येऊ दे."

मेहुणा खण तसाच उघडा टाकून येऊन बसला. काकांनी पुन्हा सुरुवात केली. पूर्वी ते डोळे मिटून वाजवायचे, सगळे वादक मिटतात तसे. आता मिटले नाहीत. मीटरच्या काट्यावर नजर ठेवावी तशी त्यांनी मेहुण्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. वरच्या तारेवर गेले आणि त्याच्या कपाळाला किंचित आठी पडली, तेव्हा त्यांनी टोनचं बटण केसभर मागे घेतलं. आठी गेली. मग ते पुन्हा वर गेले, आणखी वर, जिथे त्यांना स्वतःला तारेवर नखाची टकटक आणि खाली एक बोथट सूर एवढंच ऐकू येत होतं. मेहुण्याच्या भुवया वर चढल्या, ओठ हलले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे छान लागला असणार, काकांनी ताडलं, आणि तीच जागा त्याच्यासाठी पुन्हा एकदा वाजवली.